पेटीतले चेहरे

देवराव गजभिये आणि मी एकोणीस वर्षं एकाच लांब टेबलावर बसलो. ऑफिस नागपुरातलं, नकाशांचं, आम्ही दोघं ट्रेसर. मूळ नकाशावर ट्रेसिंगचा पारदर्शक कपडा ताणायचा आणि खालची रेघ जशीच्या तशी वर उतरवायची. या कामात बोलण्याची फार गरज पडत नाही, आणि देवरावांना तर ती नव्हतीच. पहिली दोन वर्षं मला त्यांच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं की ते नंदनवन वस्तीत एकटे राहतात, डबा खिडकीकडे तोंड करून खातात आणि डब्यात आठवडाभर एकच भाजी असते.

बाकीचं हळूहळू कळलं, तेही त्यांनी सांगितलं म्हणून नव्हे. त्यांची बायको कौसल्या कुही गावाकडची. लग्नाला चार वर्षं होत होती तेव्हा, एकोणसाठ साली, विषमज्वरात गेली. मूलबाळ नव्हतं. दुसरं लग्न कर म्हणून आईनं तगादा लावला होता. मग आईही गेली आणि तगादा लावणारं कुणी उरलं नाही.

सहासष्ट साली आमचे एक साहेब बदलून जबलपूरला गेले. जाताना त्यांनी आपला जुना कॅमेरा देवरावांना दिला. तो दोन भिंगांचा, छातीशी धरायचा आणि वरून आत डोकावायचं अशा जातीचा. आत माणूस सरळच दिसतो, फक्त डावं-उजवं उलटं. देवरावांनी तो का घेतला हे मला कित्येक वर्षांनी समजलं. ते म्हणाले, त्यात पाहताना मान खाली घालावी लागते. समोरच्याच्या डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, आणि तरी तो पूर्ण दिसतो.

दर रविवारी ते वस्तीतल्या लोकांचे फोटो काढायचे. दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीवर घोंगडी ठोकून तिथेच ते धुवायचे आणि दोरीवर वाळत घालायचे. लोक हौसेनं समोर बसायचे. बाया नवं लुगडं नेसून यायच्या, पुरुष मांडीवर रेडिओ घेऊन. फोटो हातात पडला की म्हणायचे, छान आला, किंवा म्हणायचे, काळा आला. आणि घेऊन जायचे. कोणता का चांगला आला आणि दुसऱ्यात काय चुकलं, हे विचारायला देवरावांना माणूस नव्हता.

सीताबर्डीवर फोटोचा कागद मिळायचा त्या दुकानात त्यांना नानाजी भुसारी भेटले. नानाजी महाल भागात राहायचे, शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंग मास्तर. त्यांनी हौशी फोटोवाल्यांची एक फेरी चालवली होती. पाच माणसं आणि एक पत्र्याची चपटी पेटी. प्रत्येकानं आपण काढलेल्या एका चेहऱ्याचा फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून पेटीत ठेवायचा. पेटी रजिस्टर पार्सलानं एकाकडून दुसऱ्याकडे जायची. आली की इतरांच्या फोटोमागे लावलेल्या कोऱ्या कागदावर आपला अभिप्राय लिहायचा, आपला जुना फोटो इतरांच्या अभिप्रायांसकट काढून घ्यायचा, नवा ठेवायचा आणि पेटी पुढे पाठवायची. एक नानाजी, एक देवराव, भंडाऱ्याचे होमिओपॅथ डॉक्टर, वर्ध्याचे बँकेतले एक गृहस्थ आणि सावनेरचे गिरिधर बालपांडे. नानाजी सोडले तर कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. 'छान' हा शब्द लिहायला नानाजींनी बंदी केली होती.

गिरिधर बालपांडे सावनेरजवळच्या कोळशाच्या खाणीवर हजेरी बाबू होते. देवरावांच्या पहिल्याच फोटोमागे त्यांनी लिहिलं, "हा माणूस आणि तुम्ही यांच्यामध्ये एक अख्खी खोली रिकामी आहे. ती ओलांडा." दुसऱ्या खेपेला, "अजून दारातच आहात." तिसऱ्या खेपेलाही तसंच काहीतरी.

देवरावांना राग आला नाही. ते विचारात पडले. मग एका रविवारी ते कोपऱ्यावर फुटाणे विकणाऱ्या यमुताईंच्या पुढ्यात अगदी टोपलीला गुडघे लागतील इतके जवळ जाऊन बसले. यमुताईंनी विचारलं, काय पाहून राहिला गा एवढं? त्यावर देवरावांनी काय उत्तर दिलं कुणास ठाऊक, पण म्हातारी हसू दाबत होती तेवढ्यात त्यांनी बटन दाबलं. तो फोटो फिरून परत आला तेव्हा गिरिधरांचा अभिप्राय पानभर होता. कपाळावरचं गोंदण, हसू दाबताना गालाला पडलेली एकच सुरकुती, मागच्या भट्टीचा धूर, सगळं त्यांनी पाहिलं होतं. देवरावांनी तो कागद ऑफिसात आणून माझ्यापुढे ठेवला. पाच वर्षांत त्यांनी मला दाखवलेली ही पहिली वस्तू.

तेव्हापासून पेटी आली की मला कळायचं. त्या आठवड्यात ते डबा खाताना माझ्याकडे तोंड करून बसायचे. स्वतःचे अभिप्राय आधी कच्च्या कागदावर लिहायचे, मग ट्रेसरच्या बारीक अक्षरात उतरवायचे. रेघ कुठे थरथरली हे शोधायची सवय असलेला माणूस. त्यांचे अभिप्राय धारदार असायचे. वर्ध्याच्या गृहस्थांनी एकदा नानाजींकडे तक्रारही केली.

गिरिधरांचे फोटो मात्र नेहमी एकाच बाईचे असायचे. त्यांची बायको शोभाताई. कधी तांदूळ निवडताना, कधी केस वाळवताना, कधी नुसती दारात. डॉक्टरांनी दोनदा लिहिलं, विषय बदला. देवरावांनी तसं कधी लिहिलं नाही. त्यांना त्या घरातली माणसं आपल्या ओळखीची वाटायला लागली होती. मला एकदा म्हणाले, शोभाताईंनी यंदा केसांचा भांग बदललेला दिसतो.

त्र्याहत्तरच्या पावसाळ्यानंतर पेटी आली त्यात शोभाताईंचा खिडकीजवळ बसलेला फोटो होता. देवराव तीन दिवस त्यावर अडकले होते. शेवटी त्यांनी लिहिलं आणि पाठवण्याआधी मला वाचायला दिलं. "प्रकाश उत्तम. पण या बाई कुणाकडे पाहत आहेत? समोर आपला नवरा उभा आहे, असं त्यांच्या डोळ्यांत कुठंच दिसत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या फोटोंत ते दिसत होतं. फोटो काढणाऱ्यानं आपल्या माणसाशी बोलणं सोडलं आहे."

मी म्हटलं, बरोबर आहे, लिहा. त्याची चुटपुट मला आजही आहे.

पुढच्या फेरीत गिरिधरांच्या जागी काहीच नव्हतं. त्याच्या पुढच्याही फेरीत नव्हतं. मग नानाजींना त्यांचं कार्ड आलं की माझं नाव कमी करा. नानाजींनी सावनेरच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून चौकशी केली आणि देवरावांना घरी बोलावून सांगितलं. एकाहत्तर साली शोभाताईंना मेंदूज्वर झाला होता. महिनाभर त्या नागपूरला दवाखान्यात होत्या. वाचल्या. चालतात, जेवतात, घरातलं काम हाताला आठवतं तसं करतात. पण नवऱ्याला ओळखत नाहीत. लग्नच त्यांच्या आठवणीतून गेलेलं आहे. घरात एक बाबू राहतात आणि ते भले आहेत, एवढंच त्यांना कळतं.

दुसऱ्या दिवशी देवरावांनी एका गावाची शीव चुकीच्या शेतातून नेली. अशी चूक त्यांच्या हातून मी त्याआधी पाहिली नव्हती. त्यांनी चार पत्रं लिहिली आणि चारही फाडली. मग एका रविवारी सकाळी ते सावनेरच्या एसटीत बसले. कॅमेरा बरोबर का घेतला हे त्यांना मला नीट सांगता आलं नाही. रविवारी तो खांद्याला असायचाच, म्हणाले.

घर कापसाच्या जिनिंग मिलच्या मागच्या गल्लीत होतं. अंगणात शोभाताई सूप घेऊन बसल्या होत्या. देवरावांनी त्यांना लगेच ओळखलं. चार वर्षं ते हा चेहरा पाहत आले होते. शोभाताईंनीही वर पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"धोंडबा," त्या म्हणाल्या, "उन्हातून आला काय गा? बस."

आतून उंच, वाकलेले एक गृहस्थ बाहेर आले. देवराव आपलं नाव सांगू लागले तशी त्यांनी हातानंच थांबवलं आणि हळू आवाजात सांगितलं की धोंडबा तिचा थोरला भाऊ, वारून बारा वर्षं झाली. तिला म्हणू द्या.

देवरावांनी त्या अभिप्रायाबद्दल माफी मागितली. गिरिधरांनी चहा दिला. मग त्यांनी आतून सगळे जुने फोटो आणले आणि सतरंजीवर तारखेनं लावले. पहिल्या ओळीतली शोभाताई फोटो काढणाऱ्याकडे पाहत होती, कधी लाजून, कधी वैतागून. एका तारखेनंतर ती कुणाकडेच पाहत नव्हती.

"मले राग नाही आला," गिरिधर म्हणाले. "डॉक्टरांनी खिडकीबद्दल लिहिलं, वर्ध्याच्यांनी पुठ्ठ्याबद्दल. तुम्ही एकट्यानं पाहिलं. मी दोन वर्षं फोटो काढून राहिलो होतो, का एखाद्यात तरी ती मले ओळखेल. तुम्ही लिहिलं अन् मले समजलं, का बाहेरच्या माणसालेही दिसते. आता माझ्याच्यानं होत नाही."

देवरावांनी कप बाजूला ठेवला. ते उठायला लागले तेव्हा गिरिधरांनी त्यांच्या खांद्यावरच्या कॅमेऱ्याकडे पाहून विचारलं, आमचा दोघांचा काढता का? इतक्या फोटोंत ते स्वतः एकातही नव्हते.

अंगणातल्या बाजेवर दोघं बसले. मधे हातभर जागा सोडून. शोभाताई सारख्या देवरावांकडेच पाहत होत्या. देवराव मान खाली घालून काचेत बघत थांबून राहिले. तेवढ्यात शोभाताईंनी विचारलं, "धोंडबा, हे बाबू कोण हायत गा?"

गिरिधर समोर बघत राहिले. देवराव मला म्हणाले, त्या वेळी खोटं बोलावं की खरं, हेच मला कळेना. भाऊ म्हणून बोलायचं तर भावाला तर सगळं ठाऊक असणार.

"तुह्यासाठी इथं राह्यतात, शोभा," देवराव म्हणाले. "चांगला माणूस आहे. पाह्यजो बरं त्याच्याकडे."

तिनं मान वळवून पाहिलं. ओळखीचं नव्हे, पण निवांत, कपाळापासून हनुवटीपर्यंत, पाहायला आलेल्या मुलाला आडून पाहावं तसं. गिरिधर हलले नाहीत. देवरावांनी बटन दाबलं.

तो फोटो मी पाहिला आहे. गिरिधरांचा चेहरा थोडा हलल्यासारखा आला आहे, शोभाताईंचा स्वच्छ. देवरावांनी त्याची एक प्रत सावनेरला पाठवली. पेटीत मात्र तो त्यांनी ठेवला नाही. पोच म्हणून गिरिधरांचं दोन ओळींचं कार्ड आलं. फोटो मिळाला, शोभा अधूनमधून धोंडबा कधी येतो विचारते, सवड झाल्यास यावे.

त्यानंतर देवराव महिन्या-दीड महिन्यानं सावनेरला जात राहिले, जवळजवळ सहा वर्षं. कॅमेरा फारसा नेत नसत. शोभाताई त्यांना गावाकडच्या विहिरीचं, म्हशीचं, मेलेल्या आत्याचं विचारायच्या आणि ते जमेल तशी उत्तरं द्यायचे. पुढे पुढे त्यांना ती म्हैस चांगलीच माहीत झाली होती. गिरिधर थोड्या अंतरावर बसून ऐकायचे. आपल्या बायकोनं परक्याला भाऊ म्हणून जेवायला वाढायचं आणि आपल्याला बाबू म्हणायचं, हे त्या माणसानं कसं सोसलं असेल, असं मी एकदा विचारलं. देवराव म्हणाले, त्यांना माझं येणं बरं वाटत नाही, पण मी गेलो की ती संध्याकाळभर बोलते, म्हणून ते मला बोलावतात. आणि मी तरी काय, मला तिथं कुणीतरी नावानं हाक मारतं. नाव दुसऱ्याचं असलं म्हणून काय झालं.

सत्त्याहत्तरमध्ये नानाजी गेले आणि पेटी बंद पडली. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी ती चालवतो म्हणून मागवून घेतली होती, पण पुढे काही झालं नाही. देवराव वस्तीत फोटो काढत राहिले. फोटोच्या मागे लिहिणारं आता कुणी नव्हतं.

ऐंशी सालच्या उन्हाळ्यात शोभाताई गेल्या. गिरिधरांचं कार्ड तेरवी होऊन गेल्यावर मिळालं. मुद्दाम उशिरा टाकलं की टपालात अडकलं, हे देवरावांनी तपासलं नाही. ते भेटून आले. गिरिधर नीट बोलले, चहा केला, पण निघताना पुन्हा या म्हणाले नाहीत. दोघांमध्ये जे काही होतं ते त्या बाईमुळे होतं, आणि आता दोघांनाही एकमेकांशी काय बोलावं ते सुचत नव्हतं.

त्या हिवाळ्यात एका रविवारी देवराव परत सावनेरला गेले. कुणी बोलावलं नव्हतं. त्या घरात दुसरंच कुटुंब राहायला आलेलं होतं. गिरिधर पुतण्याकडे छिंदवाड्याला गेल्याचं शेजारून कळलं. दारातल्या बाईनं विचारलं, कोण पाहिजे? देवरावांनी सांगितलं, घर चुकलं. मग एसटी स्टँडवर चहा घेतला आणि दुपारच्या गाडीनं परत आले.

सोमवारी त्यांनी मला हे एवढंच सांगितलं. मी काहीतरी बोलावं म्हणून शब्द शोधत होतो. तोवर त्यांनी कपडा ताणून चारी कोपऱ्यांना टाचण्या मारल्या होत्या, आणि खालचा नकाशा रामटेककडचा आहे का भिवापूरकडचा, असं ते मला विचारत होते.