न लावलेलं अत्तर

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सोसायटीतल्या बाया जमल्या की आमची बाहेरची खोली कशी किलबिलते, काय सांगू! यंदा मात्र दहाबारा जणी बसूनही घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. सगळ्यांच्या माना मोबाइलात. मी कुंकू लावायला गेले की कपाळं आपोआप वर व्हायची, अत्तराची कुपी उघडली की हात पुढे यायचे. नजर तेवढी कुणाची वर येत नव्हती.

समोरच्या घरातल्या वैशालीचा हात असाच पुढे आला. मला काय वाटलं कोण जाणे, मी अत्तर लावलंच नाही, नुसती उभी राहिले. तिने हात मागे घेतला, नाकाशी नेला आणि मोबाइलकडे बघतच म्हणाली, “छान आहे हो काकू. मोगरा ना?”

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. माणूस गेल्यावर आपल्याच घरात असाच फिरत असेल का? सगळी ओळखीची माणसं, आणि आपण कुणालाच दिसत नाही. खरंच सांगते, मी आहे की नाही, तेच मला क्षणभर कळेना.

“वैशाली, ठेव गं बाई तो मोबाइल!”

ती दचकली. “अगंबाई, काकू! तुम्ही कधी आलात?”

माझ्याच घरात, मला!

तिने मोबाइल पालथा ठेवला आणि हात पुन्हा पुढे केला. या वेळी मी अत्तर लावलं. हिना होतं. “येतोय का वास?” मी तिचा हात धरूनच विचारलं.

तिने हात हुंगला, माझ्याकडे नीट बघितलं. “येतोय, काकू.”

तरी मी बराच वेळ तिचा हात सोडला नाही.