बायच्या चपला

"मौसी, चप्पल उठाओ. मंदिर है क्या ये?"

एवढं म्हणता म्हणता रखवालदाराने बुटाच्या टोकाने चपला बाजूला सारल्या. एक पायरीवरून खाली गेली, उलटी पडली. चपला बायच्या होत्या. बाय म्हणजे माझी थोरली बहीण. मी तिच्या शेजारी उभा होतो.

चार वर्षं झाली. नवी मुंबईत सीवूड्सच्या त्या झगमगत्या रस्त्यावर केक-पेस्ट्रीचं एक काचेचं दुकान आहे, तिथली ही गोष्ट.

बाय खाडीकाठच्या आमच्या जुन्या गावात राहते. मी बँकेतून निवृत्त होऊन इथे टॉवरमध्ये. तीच म्हणाली होती, "तो बाजार एकदा दाखव रं. लांबशी नुसतं दिवं बघते मी." संध्याकाळी निघालो. कारंजं पाहिलं. सरकता जिना तिने खालूनच पाहिला. कपड्यांच्या दुकानातल्या बिनडोक्याच्या पुतळ्यांपाशी म्हणाली, "डोकी नाय, म्हनून तं येवरी महाग कपरी घालतान." मी हसलो नाही. कोणी ऐकलं का, ते पाहिलं. लाज तिथूनच सुरू झाली होती.

पेस्ट्रीच्या दुकानासमोर ती थांबली. एकदा डोंगराकडे पाहिलं, एकदा खाडीकडे. "आपला वाफा हितंच."

इथे आमचं मिठागर होतं. मिठागरात कोणी चपला घालून उतरत नाही. मीठ अन्नात जातं, त्यावर वहाण पडू द्यायची नाही, ही आमची रीत. बायने चपला काढल्या. जोडून, नीट, दुकानाच्या पायरीवर भिंतीला लागून ठेवल्या. लहानपणी मी बांधावर पुस्तक घेऊन बसायचो आणि ती अनवाणी मीठ ओढायची, टोपल्या वाहायची. मी शिकलो तो त्या पायांवर.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी कुटुंबासह आत बसले होते. रखवालदाराचा आवाज ऐकून दारात आले.

"काका, ह्या कोण?"

आतली माणसं बघत होती. बायचं नऊवारी लुगडं. तडकलेल्या टाचा.

मी म्हणालो, "आमच्याकडे कामाला असतात."

"मग बसतील की त्या बाहेर. तुम्ही या ना आत."

मी आत गेलो. कोणी ढकललं नव्हतं. खाली पडलेली चप्पल उचलायला बाय वाकली, ते काचेतून दिसत होतं. मी चॉकलेटची पेस्ट्री खाल्ली. पूर्ण खाल्ली.

तिच्यासाठी एक डब्यात घेऊन बाहेर आलो. तिने हात पुढे केला नाही.

"चला मालक. घरी भांडी परलीन."

घरी येऊन तिने पदर खोचला आणि खरंच सगळी भांडी घासली. माझी बायको नको नको म्हणत राहिली. तिला काही कळेना. मीही सांगितलं नाही. सकाळी बाय गावी गेली. परत माझ्या घरी आली नाही. फोन केला की अजून म्हणते, "बोला मालक."

यंदा सोसायटीच्या स्मरणिकेत ज्येष्ठांनी आठवणी लिहायच्या ठरल्या. मी हे इथवर लिहून दिलं. सेक्रेटरींचा फोन आला.

"काका, तेवढा भाग काढू या का? तुमचंच बरं दिसणार नाही. त्यापेक्षा ते मिठागर, पक्षी, असं काही लिहा ना. लोकांना आवडेल."

एरवी मी हो म्हटलं असतं. बरं दिसावं म्हणूनच तर बहिणीला मोलकरीण केलं होतं.

"एक शब्दही निघणार नाही," मी म्हणालो. "छापायचं नसेल तर लिफ्टशेजारच्या फलकावर मी स्वतः लावीन. आणि त्या माझ्या सख्ख्या बहीण आहेत."

ते म्हणाले, "बघू."

बघा. पुढचं हे त्या फोननंतर जोडलं आहे.

बाय हयात आहे. ती गेल्यावर लिहिणं सोपं गेलं असतं. तिला वाचता येत नाही. रविवारी गावी जाऊन तिच्या ओट्यावर बसणार आणि हे तिला वाचून दाखवणार, आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. माफी मागणार नाही. मागितली तर ती लगेच देऊन टाकील, आणि मी सुटेन.

मला सुटायचं नाही.