फोनवरचे नागप्पाअण्णा

रेणापूरच्या बसस्टँडसमोर नागप्पाअण्णांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे, त्याला लागूनच माझं झेरॉक्सचं. वीस वर्षांचा शेजार. त्यांच्या घरात जे झालं त्यातला एक भाग माझ्यामुळं झाला, म्हणून मलाच सांगितलं पाहिजे.

गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये अण्णा आणि दानम्माकाकू किल्लारीहून बारसं आटोपून मोटारसायकलवर येत होते. औशाच्या अलीकडं गतिरोधकावर गाडी उसळली आणि मागं बसलेल्या काकू डोक्यावर पडल्या. अण्णांना खरचटलंसुद्धा नाही. लातूरच्या दवाखान्यात काकू एकोणीस दिवस, बहुतेक गुंगीतच होत्या. घरी आल्या त्या मात्र आपल्या पायानं चालत. मला बघून म्हणाल्या, "वाळलास की रे दयानंद." लेक सुकन्या कंधारहून आली होती, तिच्या गालावरून हात फिरवला. आमचा जीव भांड्यात पडला.

मग अण्णा चहा घेऊन आत आले. काकूंनी पदर सावरला, कप घेतला नाही. सुकन्याला जवळ ओढून हळूच विचारलं, "ह्यो माणूस कोण हाय गं? दिसतो तुझ्या बाबासारखाच. पर त्यो न्हाई."

आम्हाला वाटलं, औषधांची गुंगी आहे. पण दुसऱ्या दिवशी अण्णा खोलीत गेले तर काकूंनी आतून कडी लावली. अण्णांनी दाराबाहेर उभं राहून लग्नाची तिथी सांगितली, काकूंच्या कोपरावरच्या भाजल्याच्या डागाची हकिगत सांगितली. "समदं शिकून आलाय," आतून उत्तर आलं.

तिसऱ्या दिवशी अण्णांनी माझ्यासमोरच दुकानातून घरी फोन लावला, स्पीकरवर. गोळ्या घेतल्या का एवढंच विचारायचं होतं. फोन काकूंनीच उचलला आणि रडायलाच लागल्या.

"अवो, कुठं हाव तुमी? हितं घरात कोण माणूस येऊन बसलाय. मला लई भ्या वाटायलंय. लवकर या."

अण्णांनी फोन तोंडाशी धरला. "येतो," ते म्हणाले. "मालासाठी हैदराबादला आलोय. येतो."

आम्ही पुन्हा लातूर गाठलं. मंजुश्री डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून सांगितलं, "मेंदूत एकेका कामाची एकेक जागा असते असं आपण समजतो. पण ती जागा कुणाशी जोडलेली आहे, यावर तिचं काम ठरतं. यांची चेहरा ओळखणारी जागा शाबूत आहे. माया जागवणारीही शाबूत आहे. मधले धागे तुटले असावेत. चेहरा तुमचाच दिसतो, पण आपलं माणूस आलं असं आत काही हलत नाही. मग मेंदू म्हणतो, हा दुसराच कुणीतरी. कानाकडून जाणारे धागे वेगळे, ते टिकलेत."

"मग लेकीला कशी वळखते?"

"जिथं सगळ्यात जास्त ओढ असते ना अण्णा, तिथंच ती नसली की खटकतं."

गोळ्या लिहून दिल्या. जबरदस्ती करू नका म्हणाल्या.

दवाखान्याच्या पायरीवर अण्णा खाली बसले. "म्हंजी ओढ होती म्हणून," एवढंच बोलले.

त्यानंतर ते दुकानातच राहायला लागले. सुकन्या आईपाशीच राहिली होती, ती डबा पाठवायची. सकाळी लिंगपूजा झाली की पहिला फोन, दुपारी चारला दुसरा. अण्णा स्पीकर लावूनच बोलायचे, मधल्या पातळ भिंतीतून मला ऐकू यायचं. काकू खळखळून हसायच्या, आज काय खाल्लं विचारायच्या, आणि शेवटी दर वेळी, "कवा येणार?"

असे तीन महिने गेले. एके दिवशी अण्णा म्हणाले, "दयानंद, मला आता खोटं बोलवना गेलंय." तेव्हा मी ती युक्ती सांगितली. फोनवर बोलत बोलतच घरात जा, अण्णा. आवाज आणि चेहरा एकदम भेटले की पटेल त्यांना. डॉक्टरांना विचारायचं मला सुचलं नाही.

भर दुपारी आम्ही गेलो. अण्णा फोनवर बोलत पुढं, मी मागं. "गल्लीत आलोय बघ दानम्मा. दारात हाय. बघ की."

काकू ओसरीवर हसतच आल्या, फोन कानाला. अण्णांच्या ओठांकडं बघितलं. हातातल्या फोनकडं बघितलं. हसू तसंच तोंडावर राहिलं आणि मग त्या किंचाळल्या.

"त्यांचा फोन तुझ्यापाशी कसा? काय केलंस रं त्यांचं?"

अण्णा नुसते "मीच हाय, मीच" म्हणत राहिले. काकूंनी फोन भिंतीवर फेकला. सुकन्या पोहोचायच्या आत त्यांनी पदरानं कुंकू पुसलं होतं आणि मंगळसूत्र ओढून तोडलं होतं. समोर नवरा उभा होता.

मी अण्णांची माफी मागितली. ते म्हणाले, "तुझं काय चुकलं." ते ऐकून मला जास्त लागलं.

याला आता वर्ष होत आलं. गोळ्यांनी काकूंची भीती गेली, समज मात्र बदलली नाही. अण्णा घरी राहतात, पुढच्या खोलीत. काकू त्यांना भाऊ म्हणतात, भाकरी वाढतात. फोन वाजला तरी उचलत नाहीत. कपाळ मोकळंच.

परवा मी गेलो तेव्हा काकू शेंगा सोलत होत्या, अण्णा समोर बसलेले.

"भाऊ, तुमी आमच्या मालकाला वळखत होतात का हो?" काकूंनी विचारलं.

"हाव," अण्णा म्हणाले. "थोडंफार."

"मग सांगा की त्यांचं कायतरी."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मग खाली मान घालून सांगायला लागले.