मी पंधरा म्हटलं होतं

बाईंनी माझ्या हातात आरसा दिला. लाकडी मुठीचा, तळहाताएवढा. म्हणाल्या, स्टुलावर उभी राहा. राहिले. समोर अकरा पोरी बाकांवर. नर्सिंगचा वर्ग, सकाळचे दहा. फळ्यावर इंग्रजीत एकच शब्द लिहिलेला. फीवर. म्हणजे ताप.

"वरचे दात खालच्या ओठावर टेकव. हवा सोड. म्हण."

मी म्हटलं.

"हा फुलातला फ झाला. मला एफ पाहिजे. पुन्हा."

पुन्हा म्हटलं. पुन्हा फुलातलाच आला. बाईंनी सांगितलं, आरशात बघून शंभर वेळा म्हण, आणि पोरींना सांगितलं, तुम्ही मोजा. पोरी मोजायला लागल्या. आधी हळू, मग मोठ्यानं, पाढे म्हटल्यासारखं. साठ-सत्तर झाले असतील, ओठ दाताखाली फाटला. आरशात रक्त दिसलं. मी थांबले. बाई जवळ आल्या. फूटपट्टीच्या टोकानं माझा ओठ खाली करून बघितला आणि वर्गाकडं तोंड करून बोलल्या.

"हिच्यात ओठच जाड असतात. जीभ जड. त्याला ही तरी काय करणार."

पोरी हसल्या. मी शंभर पुरे केले.

हिच्यात. म्हणजे कुणाच्यात, ते वर्गात सगळ्यांना माहीत होतं. मी गडमुडशिंगीची, मांगवाड्यातली. बाप घायपाताचे दोर वळायचा. आई सुईण. गावातली निम्मी पोरं आईच्या हातावर जगात आलेली. मोठ्या घरात बाई अडली की माणूस पळत यायचा, आणि आई हातातली भाकरी टाकून निघायची. पोर बाहेर आलं, रडलं, नाळ कापली, की आईनं मागल्या दारानं चालू पडायचं. तिची पावलं उमटली तिथं शेणकाला मारायचे. ज्या हातानं पोर ओढून काढलं, त्या हातावर पायलीभर जोंधळे वरनं ओतायचे. हात हाताला लागायचा नाही.

मला शिकवायची जिद्द आईचीच. ती म्हणायची, "हात तुजा माज्यासारकाच हाय. पर नुसता हात असून भागत न्हाय. कागूद पायजे." कागद म्हणजे सर्टिफिकेट. गावातली मराठी शाळा संपवून रोज चालत कोल्हापूरला येऊन इंग्रजी चार इयत्ता मी त्या कागदासाठी केल्या. तिथले मास्तरही आमच्यासारखंच इंग्रजी बोलायचे, त्यामुळं आपलं चुकतंय हे कधी कळलंच नाही. स्वातंत्र्य येऊन पाचेक वर्षं झालती. दवाखान्याला पोरी पाहिजे होत्या, कारण चांगल्या घरच्या बायका दुसऱ्याची घाण काढायला यायला तयार नव्हत्या. मला घेतलं.

आरसा देणाऱ्या त्या लिमयेबाई. आम्हाला शिकवायच्या आणि बायकांच्या वार्डावरही त्याच मुख्य. पुण्याच्या. त्यांचं इंग्रजी झऱ्यासारखं वाहायचं, हे मी नाकारत नाही. पण त्यांना माझं मराठीसुद्धा चालायचं नाही. आमच्याकडं बायकाही मी आलो, मी गेलो असंच म्हणतात. मी पहिल्या दिवशी "बाई, मी आलो" म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "तू बाप्या आहेस का?" तेव्हापासून मी तोंड उघडायच्या आधी प्रत्येक शब्द मनात तपासायला लागले. आलो की आले. फ की एफ. मग हळूहळू तोंड उघडायचंच कमी केलं.

गंमत वार्डात व्हायची. खेड्यावरची एखादी बाई सांगायची, वटीपोटात कळ मारतीया, डोळ्याम्होरं अंधारी येती, आंग समदं मोडून आलंया. लिमयेबाई कोऱ्या चेहऱ्यानं माझ्याकडं वळायच्या. "काय म्हणते गं ही?" मी सांगायचे. बाई ते इंग्रजीत लिहायच्या आणि डॉक्टरांना स्वतः विचारून घेतल्यासारखं सांगायच्या. चारी बाजूंनी हीच भाषा बोलणारी माणसं, त्यांच्या पोटाची दुखणी बाईंना कळायची नाहीत. त्यांना कुणी स्टुलावर उभं केलं नाही. त्यांच्या हातात कुणी आरसा दिला नाही.

पोरींनी माझं नाव फीवर ठेवलं. महिन्याभरात पहाऱ्यावरचा शिपाईसुद्धा त्याच नावानं हाक मारायला लागला. मी ओ द्यायचे. हे आज लिहून ठेवते. मी ओ द्यायचे.

त्याच सालात शेवंताक्का वार्डात आली. जोतिबाच्या डोंगरावर गुलाल-खोबऱ्याचं दुकान होतं तिचं. पन्नाशीची, विधवा, तोंडाची फटकळ. साखरेचा आजार. पायाला जखम झालेली, ती भरत नव्हती. रोज सकाळी खाण्याच्या आधी तिला इन्सुलिन टोचायचं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलेलं, पंधरा युनिट. पहिले चार दिवस दुसऱ्या एका नर्सनं दिलं. पाचव्या दिवशी ती रजेवर, म्हणून लिमयेबाई स्वतः द्यायला आल्या. दोन पोरींना इंजेक्शन कसं भरायचं ते दाखवायचं होतं. मला म्हणाल्या, कागद धर, डोस वाच.

नियम असा की भरणाऱ्यानं स्वतः कागद बघायचा. तो नियम बाईंनीच आम्हाला पाठ करायला लावलेला. पण त्यांचं तोंड पोरींकडं. सुई कशी धरायची ते इंग्रजीत सांगणं चाललेलं.

मी वाचलं. फिप्टीन.

"काय? नीट म्हण."

मी घाबरले. हा आकडा आहे, इथं चुकून चालणार नाही, एवढं मला कळत होतं. म्हणून सरळ म्हटलं, "पंधरा, बाई."

"मराठीत नको. वार्डात इंग्लिश. म्हण."

मी पुन्हा इंग्रजीत म्हटलं. दात ओठावर ठेवायच्या नादात शेवटचा न कुठं गेला कुणास ठाऊक. बाईंनी मान हलवली, पोरींशी बोलत बोलत औषध ओढलं आणि सिरिंज उजेडाकडं धरली.

मी बघितलं. काल होतं त्याच्या तिप्पट औषध होतं त्यात.

मी बघितलं आणि बोलले नाही.

डोक्यात काय चाललं होतं ते अजून आठवतं. बाईंना कळत असेल. औषध पातळ असेल. मी बोलेन तर मराठीत बोलेन. पोरी हसतील. एवढ्यात सुई शेवंताक्काच्या दंडात गेली होती.

तासाभरात तिचं लुगडं घामानं भिजलं. मी खाटेशी गेले तर तिनं माझं मनगट धरलं. तिचे हात पालीसारखे गार.

"पोरी, काय हुतंय गं मला? तू दोन दोन दिसाय लागलीस."

मी एका पोरीला डॉक्टरांकडं पिटाळलं. साखर पाण्यात कालवून, तिला गिळता येत होतं तोवर चमच्यानं पाजली. मग तिची दातखीळ बसली. डॉक्टर आले, शिरेतून ग्लुकोज दिलं. दुपारी बाराच्या सुमाराला तिनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. वाचली. थोडक्यात वाचली.

डॉक्टरांनी विचारलं, किती दिलं होतं? लिमयेबाई लगेच म्हणाल्या, "फिफ्टी. हिनं वाचलं तसं." पन्नास. सगळे माझ्याकडं बघायला लागले. डॉक्टरांनी कागद बघितला, पंधरा. त्यांनी कपाळाला हात लावला आणि मला म्हणाले, तुझ्या उच्चारापायी माणूस मेला असता.

मी शेवंताक्काच्या तोंडावरचा घाम पुसत राहिले. मोठ्या डॉक्टरांपुढं सोमवारी चौकशी ठरली.

मधे रविवार होता. मी चालत गडमुडशिंगीला गेले. आई दारात बसून बापानं वळलेल्या दोरांची वेटोळी करत होती. मी सगळं सांगितलं. आरसा, शंभर वेळा, फीवर, फिप्टीन. रडत सांगितलं. मला वाटलं, आई जवळ घेईल. आईनं दोर खाली ठेवला.

"सुई भरताना तू बगिटलंस?"

"व्हय."

"जास्त हाय, कळलं तुला?"

"व्हय. पर माजं इंग्रजी..."

"इंग्रजीचं ऱ्हाऊ दे. तू गप का बसलीस ते सांग."

"पोरी हसतील म्हून," मी म्हटलं. मग आईनं मला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. पाटलाच्या सुनेचं पोर आडवं आलेलं. सासू म्हणत होती, मांगिणीनं पोटाला हात लावायचा नाही, लांबनं काय ते सांगायचं. आईनं तिला उंबऱ्याबाहेर ढकललं, आतनं कडी घातली आणि पोट चोळून पोर फिरवलं. बाहेरून दारावर काठ्या बसत होत्या. पोर जगलं. सूनही जगली. पाटलांनी पुढं वर्षभर आमच्या बापाचे दोर घेतले नाहीत.

"हातात जीव असताना मी कुनाला भ्यालो न्हाय," आई म्हणाली. "तू हसण्याला भ्यालीस."

त्या दिवशी ती माझ्याशी आणखी काही बोलली नाही. जेवायला वाढलं, पण बोलली नाही. बाईंच्या शंभर फीवरनं जे झालं नव्हतं ते आईच्या त्या गप्प बसण्यानं झालं. परतताना उचगावच्या पुढं रस्त्यात माझ्या डोळ्यातलं पाणी आटलं. आणि राग यायला लागला. आधी स्वतःचा. मग बाकीच्यांचा. चालता चालता एकेकाचा हिशेब लागत गेला. माझी जीभ चुकली होती, खरं आहे. पण मी पंधरा म्हटलं होतं. आकडा मी समोरच्या माणसाला कळेल अशा भाषेत सांगितलं होतं, आणि ते ऐकायचं नाही असं त्या माणसानं ठरवलं होतं. जीभ जड असली म्हणून माणूस मरत नाही. कान बंद केले की मरतो.

सोमवारी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत चौघं बसलेले. मोठे डॉक्टर, वार्डाचे डॉक्टर, लिमयेबाई आणि कारकून. मी उभी. बाईंनी इंग्रजीत सगळं सांगितलं. मोठ्या डॉक्टरांनी कोऱ्या कागदावर दोन आकडे लिहिले आणि माझ्यापुढं सरकवले.

"हा म्हणून दाखव. मग हा."

वार्डाचे डॉक्टर खुर्चीत पुढं सरकले. कारकुनाच्या ओठावर हसू यायला लागलेलं. मी चौघांकडं बघितलं. चौघंही घरी मराठीत जेवण मागणारी माणसं.

"म्हणनार न्हाई," मी म्हटलं.

मोठ्या डॉक्टरांना वाटलं त्यांनी नीट ऐकलं नाही. पुन्हा म्हणाले, म्हण.

"न्हाई. मला ते येत न्हाई, हे तुमास्नी म्हाईत हाय. मी बाईंना मराठीत पंधरा म्हटलंतं. बाई म्हणाल्या, मराठीत नको. हितं इंग्रज कोन हाय, सायेब?"

बाईंचा चेहरा लाल झालेला.

"शेवंताक्का जागी हुती. तिला इचारा. त्या दोन पोरी हुत्या, त्यास्नी इचारा. बाईंनी कागूद बगिटला का, ते इचारा. आन सिरिंजीत जास्त भरलंय ते मी बगिटलं आन बोललो न्हाई. ती चूक माजी. ती लिवा."

बोललो म्हटलं, बोलले नव्हे. तोंडातून जे आलं ते मी येऊ दिलं.

पेशंटला यात ओढायचं नाही, मोठे डॉक्टर म्हणाले. पोरींनाही विचारलं नाही. बाईंना तर कुणी एक प्रश्न विचारला नाही. कारकुनानं आधीच टाइप करून ठेवलेला इंग्रजी माफीनामा माझ्यापुढं ठेवला. सही कर म्हणाला. मी म्हटलं, मराठीत वाचून दाखवा. त्यानं चाचरत वाचला. माझ्या सदोष उच्चारामुळे रुग्णाच्या जिवास धोका उत्पन्न झाला, त्याबद्दल मी दिलगीर आहे.

मी तो कागद पालथा केला. मागच्या कोऱ्या बाजूला, उभ्यानं, त्यांच्याच टाकानं, जे घडलं ते मराठीत लिहिलं. बाईंनी काय म्हटलं. मी काय म्हटलं. मी काय बघितलं आणि गप्प बसले. खाली सही केली. पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव.

"हे इंग्रजीत लिहून आण," मोठे डॉक्टर म्हणाले.

"ज्यास्नी पायजे त्यांनी करून घ्यावं," मी म्हटलं आणि बाहेर आले.

शिक्षा झाली. मला एक वर्ष मागं ठेवलं. माझ्या बरोबरीच्या अकरा पोरी पास होऊन गेल्या आणि मी खालच्या वर्गात नवीन पोरींबरोबर बसले. लिमयेबाईंना काही झालं नाही. वर्षानं बढती मिळून त्या गेल्या. असंच असतं, हे मला माहीत आहे. त्यानं माझा राग कमी झालेला नाही. कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

पण चौकशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वार्डात हजर होते. शेवंताक्काचा डोस आता बारावर आणलेला. लिमयेबाई सिरिंज घेऊन खाटेशी आल्या. मी कागद हातात घेतला आणि वार्डाच्या दुसऱ्या टोकाच्या खाटेला ऐकू जाईल एवढ्यानं म्हटलं, "बारा."

"इंग्लिश," बाई म्हणाल्या.

"बारा. कागूद बगा, बाई."

त्या बघेनात. मी शेवंताक्काच्या दंडावर माझा हात ठेवला, सुई जायची नेमकी त्या जागेवर. उभी राहिले. खाटाखाटांवरच्या बायका उठून बसल्या. पोरी थांबल्या. बाईंची सुई हवेत.

शेवटी बाईंनी कागद बघितला. मग मी हात काढला.

त्या खाटेशी उभी असतानाच मी ठरवलं. काढून टाकतील तर टाकू देत. दुसरा दवाखाना बघेन. तोही काढेल तर तिसरा. पण कागद न बघता कुणाला सुई टोचायची असेल, तर आधी माझा हात बाजूला करावा लागेल. आणि तो मी करू देणार नाही.