टर्कीने खाल्लेलं ताट

शेजाऱ्याच्या टर्क्यांच्या कुंपणाचं फाटक मीच उघडं टाकलं होतं. हे मी त्याच दिवशी कबूल केलं. का टाकलं, ते मात्र गिळून बसले. ते कारण कुठल्याही भाषेत सांगितलं तरी वेडेपणाचंच वाटलं असतं.

मी तेव्हा बासष्ट वर्षांची होते. दात हलायला लागले होते, अक्कल अजून यायची होती.

त्या दिवशी आमच्या ह्यांचं वर्षश्राद्ध होतं. ह्यांची केंब्रिजची नोकरी संपल्यावर शांतता हवी म्हणून आम्ही बसने चाळीस मिनिटांवरच्या या खेड्यात घर घेतलं. मग हे गेले आणि सगळी शांतता माझ्या एकटीच्या वाट्याला आली. तर खीर, वडे, आमसुलाची चटणी असं सगळं साग्रसंगीत करून मी ताट बागेत ठेवलं आणि कावळ्याची वाट पाहत उभी राहिले. इथे कावळे भरपूर आहेत, पण त्यांना आमंत्रणाची सवय नाही. मी कोट घालून पाऊण तास ‘काव काव’ ओरडत होते. मग ह्यांना वचनं द्यायला लागले. तुमची जुनी मासिकं टाकणार नाही. गुडघ्याचं ऑपरेशन करून घेईन. सुनेच्या पास्त्याला नावं ठेवणार नाही. कावळा ढिम्म.

हॅरोहून मुलाचा फोन आला. “आई, इट्स फाइन. बाबा काय रागावणारेत का? तू जेवून घे.”

त्याला काय कळणार! वर्षभर मी रिकाम्या खुर्चीशी बोलत होते. एकदा तरी उत्तर हवं होतं, मग ते कावळ्याच्या चोचीतून का होईना.

तेवढ्यात आठवलं, की शेजारच्या म्हाताऱ्याच्या टर्क्यांचा मका चोरायला कावळे रोज येतात. झालं. फाटक उघडलं, ताट आत ठेवलं, नमस्कार केला आणि निघाले. ताट ठेवल्यावर मागे वळून पाहायचं नसतं, असं आजीने कधीतरी सांगितलं होतं. ते स्मशानातलं की श्राद्धाचं, हे विचारायला आजी नव्हती. म्हणून मी पाहिलं नाही. कडी लावायला तर मागे वळावंच लागतं, हे घरी पोचेपर्यंत डोक्यात आलं नाही.

कावळा आलाच नाही. त्या कळपातला एकुलता एक नर आला, ह्यांची खीर चाटूनपुसून गेला आणि शेतापलीकडच्या रानात पसार झाला.

म्हाताऱ्याचं वर्ष त्या नरावर उभं होतं. ऐन वसंत, माद्या अंड्यांवर आलेल्या, आणि रानात कोल्हे. मी जाऊन सांगितलं, “फाटक माझ्याकडून राहिलं.” तो एवढंच म्हणाला, “असं होय.” त्या गावात माझ्याशी रोज दोन वाक्यं बोलणारा तो एकटाच होता. एक हवेबद्दल, एक टर्क्यांबद्दल. दुसऱ्या दिवशी त्यातलं एकही बोलला नाही. तेव्हा मात्र मला खरी भीती वाटली.

मी त्याच्या दारात गेले. “मी मदतीला येते.”

तो माझ्या चपलांकडे बघत राहिला. मग आतून गमबूट आणून पुढे ठेवले. बायकोचे. ती जाऊन चार वर्षं झाली होती, बूट दाराशी तसेच होते. मला दोन नंबर मोठे.

पहाटे आम्ही रानात गेलो. त्याच्याकडे पेढ्याच्या बॉक्सएवढी एक लाकडी पेटी होती, वर सैल झाकण. झाकण कडेवर घासलं की हुबेहूब टर्कीच्या मादीचा आवाज निघे. त्याच्या अमेरिकेतल्या भावाने पाठवली होती. तिकडे वसंतात असाच आवाज काढून जंगली टर्कीची शिकार करतात म्हणे. आम्हाला नुसता धरून आणायचा होता. वीसेक पावलांवर, मोकळ्या जागी त्याने पिंजऱ्यात एक मादी ठेवली, भोवती जाळीचं कडं केलं. कड्याला एक दार आणि दाराची दोरी त्याच्या हातात. आम्ही ओकच्या झाडाला पाठ लावून बसलो. खोड खांद्यांपेक्षा रुंद हवं, म्हणजे माणूस त्यात विरून जातो. मला विरायला तसं बरंच रुंद खोड लागलं.

उजाडता उजाडता फांदीवरून नराने आरोळी दिली. मला कोण आनंद! पेटी माझ्या हातात होती. मी घासली. त्याने ओ दिली. मी पुन्हा घासली. पुन्हा ओ. मग काय, खोबरं किसावं तशी मी ती पेटी घासत सुटले. प्रत्येक हाकेला ओ, पण स्वारी जागची हलेना. तासाभराने उलट्याच दिशेला उतरून निघून गेली.

“तुम्ही फार बोलावलंत,” म्हातारा म्हणाला. “त्याला वाटलं, ही एवढी हाका मारतेय तर येईलच इकडे. तो कशाला उठेल?”

“मग करायचं काय?”

“दोनदा बोलवायचं. त्याने ऐकलंय हे कळलं की गप्प बसायचं. शोधायला तोच येतो.”

घरी येऊन चहा टाकला आणि हसूच फुटलं. चाळीस वर्षं मी स्वयंपाकघरातून ओरडत आले होते, “अहो, चहा झालाय!” आणि बाहेरून “आलोच!” दर वेळी ओ, आणि वर्तमानपत्रामागचा माणूस जागचा हलत नसे. चहा मीच नेऊन द्यायचे. एकदा तरी गप्प बसून बघायला हवं होतं. हसता हसता दुसरा कप काढला होता, तो परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी पेटी म्हाताऱ्याकडे. नराची आरोळी आली, त्याने दोनदा घासली आणि पेटी मांडीवर पालथी ठेवली.

मग काहीच नाही. पाऊण तास. नाक खाजत होतं, मोठ्या बुटात पाय गार पडले होते. खिशात फोन थरथरला. मुलाचा रोजचा, ट्रेनमध्ये बसल्यावरचा. मी पहिल्यांदाच तो उचलला नाही. वर्षभर घरात मी गप्पच होते, पण शेजारी कुणीतरी गप्प असताना गप्प बसणं मी विसरून गेले होते.

नर आला तो मागून, पाचोळ्यात पाय न वाजवता, माझ्या उजव्या हाताशी. मान वळवायची नव्हती. मागे वळून पाहायचं नाही, हे या वेळी बरोबर लागू पडलं. पिसारा फुलवत, मिरवत तो मादीकडे गेला, कड्यात शिरला, आणि म्हाताऱ्याने दोरी ओढली.

त्याला पोत्यात घालून नेताना मी शेताच्या मध्यावर सगळं सांगून टाकलं. ताट, कावळा, खीर, वचनं, आजी. म्हातारा चालत राहिला. हसला नाही. नराला कुंपणात सोडलं, कडी लावली, हलवून पाहिली, पुन्हा एकदा हलवून पाहिली. मी त्याच्या बायकोचे बूट काढायला वाकले, तर हाताने नको म्हणाला.

मग माझ्याकडे न बघता बोलला, “पुढच्या वर्षी दोन ताटं आणा. कडी मी लावीन.”