दुपारी आपोआप सुरू होणारी मोटर

"अरं ए इंजिनेर, बंद कर ती तुझी भुताची मोटर. माझ्या उसात होडी चालवायची हाय काय तुला?"

बांधावर उभे राहून आमचे शेतशेजारी अण्णा ओरडत होते. अण्णांचा आवाज असा, की ते गडमुडशिंगीत खोकले तर राधानगरीच्या धरणाचे दरवाजे उघडावेत. त्यांचा फोन आला म्हणून मी ऑफिसातून अर्धी रजा टाकून पळत आलो होतो. शेतात कुणी नव्हतं, मोटर कुणी सुरू केली नव्हती, तरी ती धो धो चालली होती. आमच्या सऱ्या भरून पाणी बांधावरून अण्णांच्या उसात शिरलं होतं.

"शनवारी तोडीला टोळी येणार हाय," अण्णा म्हणाले. "फड वला असला तर ट्रॅक्टर आत येत न्हाय. टोळी एकदा म्होरं गेली की मग तुझा बा..."

इथं ते थांबले. माझे वडील, आबा, जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते.

"...मग कोण येतंय तोडायला," त्यांनी वाक्य दुसऱ्याच बाजूनं पुरं केलं.

मी पंपाच्या खोलीत जाऊन लाल बटण दाबलं. मोटर थांबली.

ती करणी माझीच होती. इलेक्ट्रॉनिक्सचा नाद मला शाळेपासूनचा. नव्वद सालाच्या मागंपुढं मी पहिला रेडिओ केला, त्यावर स्टेशन एकही लागलं नाही, पण गल्लीतल्या सगळ्या टीव्हींवर तो दिसायचा. नंतर मी दाराला बेल बसवली. ती अमावस्येला वाजायला लागली ती पौर्णिमेला थांबली. शेजारची म्हैस त्या सुरावर पान्हा सोडायला शिकली, आणि बेल काढल्यावर आटली. खोटं वाटत असेल तर म्हशीला विचारा. या सगळ्यावर वडिलांचं म्हणणं एकच असायचं, "तुझं चाललंय ते चालू दे. माझ्या मोटरीला हात लावायचा न्हाय."

ते गेले आणि मी मोटरीला हात लावला.

रडू आलं नाही. माणसं यायची, रडायची, मी त्यांना पाणी द्यायचो. दिवसकार्य झालं, पै-पाहुणे जेवून गेले आणि मी सोल्डरिंगची गन तापवून बसलो. वडिलांचा मोबाइल कपाटात होता. तो उघडला, आत थरथरणाऱ्या छोट्या मोटरीच्या वायरी बाहेर काढल्या, मधे एक ट्रान्झिस्टर, एक रिले, आणि तो रिले जोडला पंपाच्या पेटीतल्या हिरव्या बटणाला. त्या नंबरवर नुसती रिंग दिली की शेतात मोटर सुरू. सिमकार्ड त्यांचंच ठेवलं. नव्या कार्डाला फोटो द्या, सह्या करा, आणि जुन्याची मुदत शिल्लक होती. मोटर बंद करायची सोय मी पुढच्या रविवारवर ठेवली होती, आणि तो रविवार काही उगवत नव्हता. पण ऑफिस सुटताना रिंग द्यायची आणि शेतात पोचेपर्यंत पाणी निम्म्या उसाला लागलेलं असायचं. जपानवाले बघायला येतील म्हणून मी पंपाच्या खोलीला चुनाही मारून घेतला.

जपानवाले आले नाहीत. ज्या आठवड्यात दिवसा वीज असे त्या आठवड्यात मोटर भर दुपारी आपोआप सुरू व्हायला लागली.

असल्या अडचणीला कोल्हापुरात आमचं एकच न्यायालय होतं, राजारामपुरीतलं पार्टांचं दुकान. मालक आलेल्या सर्किटाचा आधी वास घेत, मग चहा मागवत, मग निकाल देत.

"कवा सुरू हुती, पावणं?"

"दुपारी."

"ऊन. ट्रान्झिस्टर तापतोय. बदला."

बदलला. मोटर दुपारी सुरू झाली. मग मालक म्हणाले, रिले चिकटतोय. तो बदलला. मग त्यांनी एक कपॅसिटर दिला, एवढा मोठा, की त्यात वर्षाची चटणी मावली असती. तोही लावला. अण्णांच्या उसात पाणी शिरलं ते त्यानंतर.

पुन्हा दुकानात गेलो तेव्हा बाकावरचं एक गिऱ्हाईक म्हणालं, "पाल बसत असंल बटणावर."

"रोज त्याच टायमाला?" मालक म्हणाले. "पाल काय सरकारी नोकरीत हाय?" मग माझ्याकडं वळून, "नंबर कुणाकुणाकडं हाय त्यो?"

"वडिलांचा होता."

"मग त्यास्नीच कोणतरी लावत असंल की."

"सगळ्यांना कळलंय. सगळे येऊन गेलेत."

मालकांनी सर्किट माझ्याकडं सरकवलं. वास घेतला नाही. "मग दुपारी पेटीम्होरं बसा जावा. हितं बसून न्हाय कळायचं."

शुक्रवारी रजा टाकून पंपाच्या खोलीत बसलो. दारात अण्णा उभे. मधले दिवस मी मेन स्विच पाडून ठेवला होता, त्यामुळं त्यांचा फड वरून सुकायला लागला होता, अजून एकदा पाणी शिरलं असतं तर टोळी गेलीच म्हणायची. अण्णा गप्प राहिले की पाखरंही बिचकतात.

भाकरीची वेळ झाली. मोबाइलचा पडदा उजळला. त्यावर दोन अक्षरं आली, घर. रिले खटकन पडला आणि मोटर सुरू झाली.

अण्णांनी वाकून वाचलं. मग त्यांनीच लाल बटण दाबलं.

"ह्याच टायमाला उठायचा त्यो," ते म्हणाले. त्यांचा इतका बारीक आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "खिशात रिंग वाजली की हात धुवायचा. उचलायचा न्हाय कवा. आलं बोलावणं म्हणायचा, की निघाला."

मी पक्कडीनं वायरी तोडल्या आणि मोबाइल खिशात घातला. "आता नाही सुरू व्हायची," मी म्हणालो. अण्णांनी मान हलवली आणि ते आपल्या फडाकडं गेले.

घरी आई चुलीपुढं बसली होती. घरचा फोन सोप्यातल्या कोनाड्यात, नेहमीच्या जागी. मी खिशातला मोबाइल काढून तिच्यापुढं ठेवला, तुटक्या वायरींसकट. तिनं तो पाहिला आणि तवा उतरवला.

"मघाशी आबांच्या नंबरला रिंग तू दिलीस?"

"व्हय."

"रोज देतीस?"

"व्हय की."

"कशाला, आई?"

तिनं हाताचं पीठ परातीत झाडलं.

"भाकरी झाल्या म्हणून."