शेवटची कॅसेट तपासायची राहिली

माझ्या इस्त्रीच्या दुकानासमोर ज्यांचे दुरुस्तीचे दुकान आहे, त्या गृहस्थांना सगळी गल्ली कॅसेटभाऊ म्हणते. व्हिडिओ पाहण्याची यंत्रे दुरुस्त करणे हा त्यांचा व्यवसाय. ती यंत्रे लोकांनी केव्हाच अडगळीत टाकली. तरी पत्नी निवर्तल्यानंतरही कॅसेटभाऊ रोज सकाळी शटर उचलतात, काउंटर पुसतात आणि रस्त्याकडे पाहत बसतात. दुरुस्त होऊनही मालकांनी न नेलेली पुष्कळ यंत्रे त्यांच्या फळ्यांवर धूळ खात पडली असती. परंतु कॅसेटभाऊ त्यांना धूळही खाऊ देत नाहीत.

त्यांचा एक नियम आहे. ग्राहकाची वस्तू तपासण्यापुरतीच चालवायची, स्वतःच्या करमणुकीसाठी नाही.

एका वृद्ध गृहस्थांनी यंत्रासोबत कॅसेटचे खोकेही ठेवले होते आणि ते वर्षानुवर्षे फिरकले नव्हते. त्या कॅसेटच्या फितींवर बुरशीचा पांढरा थर चढलेला कॅसेटभाऊंना दिसला. त्यांनी पहिली फीत पुसली आणि चित्र नीट येते का हे पाहण्यासाठी लावली. ती जुनी जपानी चित्रमालिका निघाली. युद्धावर जाताना धनी आपल्या सामुराईला सांगतो, की मी परत येईपर्यंत हा दरवाजा राख. धनी जातो. गड ओस पडतो, नोकरचाकर पांगतात, आणि सामुराई मात्र डोळ्यांत तेल घालून दरवाजा राखीत राहतो.

बोलणे जपानी होते, खाली आपल्या भाषेतल्या ओळी येत. बारीक कामाने कॅसेटभाऊंची नजर अधू झालेली. ते रस्ता ओलांडून माझ्याकडे आले.

"ताई, तुम्ही वाचायच्या वर्गाला जाता ना? जरा या. एक कॅसेट तपासायचीय."

"चित्र दिसतं, आवाज येतो. मग तपासायचं काय राहिलं?"

"तो काय बोलतो ते."

मी तेव्हा जोडाक्षरांपर्यंत पोहोचले होते. माझी ओळ अर्धी होईपर्यंत ती पडद्यावरून निघून जाई. मध्येच थांबवून ठेवल्यास फीत झिजते, म्हणून कॅसेटभाऊ ती थोडी मागे घेत. त्यामुळे सामुराईला एकच जिना पुन्हा पुन्हा चढावा लागे.

"ताई, जरा उरका. दम लागला त्याला."

"मग त्यालाच म्हणावं, सोपं बोल."

अशा रीतीने रोज दुपारी एक भाग होऊ लागला. शेजारचा शिंपी डोकावून म्हणे, "अजून तपासणीच का? सरकारी खातं झालं की हे." कॅसेटभाऊंचे तिकडे लक्ष नसे. धनी परत येतो की नाही, इकडे त्यांचा जीव टांगणीला लागला होता. "येईल. शब्द देऊन गेलाय तो," असे ते मला बजावीत, जणू मीच त्याला अडवून धरले होते.

अखेर एकच कॅसेट उरली. तिच्यावर बुरशी फार होती, म्हणून ती दुसऱ्या दिवशी पुसायची ठरली.

दुसऱ्या दिवशी त्या वृद्ध गृहस्थांची मुलगी आली.

"बाबा गेले. आमचं मशीन तुमच्याकडे आहे म्हणायचे. आहे अजून?"

"आहे. चालतंय."

"आणि कॅसेट? आम्ही दोघं बघायचो. शेवटची राहिली आणि मशीन बिघडलं. मग माझं लग्न झालं. तू आल्याशिवाय बघायची नाही म्हणायचे, म्हणून न्यायलाच आले नाहीत. आणि माझं येणं..."

कॅसेटभाऊंनी तिला स्टूल दिले. "शेवटची तपासायची राहिलीय. जरा बसा." ते बोटाने चाक फिरवीत सगळी फीत मऊ कापडातून काढू लागले. हे काम वेळखाऊ असते. मी पदराला हात पुसून वाचावयास तयार उभी होते.

"लावून बघता का?" मुलीने विचारले.

"नको. घरी लावा. चालेल ती."

ती रिक्षात मशीन शेजारी ठेवून आणि खोके मांडीवर घेऊन गेली. मला राहवले नाही. "भाऊ, ती स्वतःहून म्हणत होती की."

"बापाशिवाय पहिल्यांदाच बघणार ती. तिथं आपण दोघं कशाला?"

दुपारी सवयीने मी पुन्हा तिकडे गेले. टीव्ही बंद होता. कॅसेटभाऊ म्हणाले, "कळवते म्हणाली आहे. कसं झालं ते."

आठवडे गेले, तरी तिने कळवले नाही. मी म्हटले, "तुम्हीच करा की फोन. नंबर दिलाय ना तिनं?"

"करीन. पण विचारू काय, ताई? धनी आला का म्हणून विचारू त्या पोरीला?"

मी माझ्या दुकानात परत आले. उकाडा मरणाचा होता. रस्त्यापलीकडे कॅसेटभाऊ काउंटरवर कोपरे टेकून बसले होते, आणि फोन वाजल्यास ऐकू यावा म्हणून त्यांनी पंखा बंद केला होता.